विश्लेषण : जिममधील ‘मेफेंटरमाइन’ इंजेक्शन रक्तदाबाशी कसे खेळते? प्राण्यांवरील प्रयोग काय सांगतात?

पुण्यासह राज्यातील काही शहरांत गेल्या काही वर्षांत पोलिसांनी मेफेंटरमाइन सल्फेट या इंजेक्शनचे साठे पकडले. गिऱ्हाईक बहुतेक वेळा जिमला जाणारे तरुण. अशा बातमीचा साचाही आता ठरून गेला आहे. इतक्या बाटल्या जप्त, इतके जण अटकेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री आणि शेवटी ‘हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो’ असे एक मोघम वाक्य. हे वाक्य वाचून कोणी इंजेक्शन सोडले असेल असे वाटत नाही. ‘होऊ शकतो’ याला विशीतल्या मुलाचे उत्तर तयार असते : ‘मला नाही होणार.’

खरे तर परिणाम इतका मोघम नाही. या जातीची उत्तेजक औषधे रक्तदाब कशी चढवतात, लागोपाठ दुसरी मात्रा दिली तर काय होते, उकाड्यात आणि गर्दीत तेच औषध वेगळे का वागते, याची उत्तरे कुत्री, मांजरे आणि उंदरांवरील प्रयोगांतून कधीच मिळाली आहेत. काही तर शंभर वर्षांपूर्वी. ती औषधशास्त्राच्या पुस्तकांत पडून आहेत, जिमच्या भिंतीवर मात्र पोहोचलेली नाहीत.

औषध मुळात कोणासाठी?

सिझेरियन किंवा अन्य शस्त्रक्रियेत मणक्यात भूल दिली, की शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब घसरतो. तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ मेफेंटरमाइन थोड्या थोड्या मात्रेने शिरेतून देतात. रुग्ण आडवा असतो, दंडाला पट्टा असतो, मॉनिटरवर आकडे दिसत असतात. आकडा वर आला की हात थांबतो.

जिममध्ये यातले काहीच नसते. रक्तदाब घसरलेलाही नसतो. उलट तो आणखी चढणार असलेल्या कामाच्या तोंडावर औषध टोचले जाते. वजन उचलताना रक्तदाब किती चढतो याचे माप १९८५मध्ये कॅनडातील मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी घेतले. पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या दंडातील धमनीत थेट नळी घालून त्यांनी नोंदी केल्या. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी रक्तदाब ३२०/२५० मिलिमीटर होता आणि एकाचा तर ४८०/३५०च्याही वर गेला. कोणत्याही औषधाविना. निरोगी शरीर हे सोसते, कारण ही उसळी काही सेकंदांची असते आणि वजन खाली ठेवताच दाब कोसळून पूर्ववत होतो. इंजेक्शनचा अंमल मात्र वजन खाली ठेवल्यावर उतरत नाही.

कुत्र्याच्या रक्तदाबाचा आलेख

रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो माणसाचा नव्हे, घोडीचा. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त नळीत ८ फूट ३ इंच चढलेले पाहिले. हे काम १७३३मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८४७मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी पाऱ्याच्या दाबमापकाला लेखणी लावून ती फिरत्या नळकांड्यावर टेकवली. त्यामुळे रक्तदाबाला आकड्याबरोबर आकारही मिळाला. औषध कधी दिले, दाब कधी चढला, किती वेळ टिकला, हे सारे कागदावर उमटू लागले.

या कागदावरची सर्वात गाजलेली रेघ १८९४ सालची. जॉर्ज ऑलिव्हर हे डॉक्टर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा अर्क घेऊन लंडनमध्ये एडवर्ड शेफर यांच्या प्रयोगशाळेत आले. तो कुत्र्याच्या शिरेत सोडताच दाबमापकातील पारा झपाट्याने वर गेला. अर्कातील तो पदार्थ म्हणजे ॲड्रेनॅलिन. याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस मज्जा शाबूत असेल, तर दाब चढताच हृदय आपोआप मंदावते आणि चढ आटोक्यात राहतो. ती मज्जा कापली, की तोच अर्क दाबाला कितीतरी उंच नेतो. यंत्राच्या भाषेत बोलायचे तर शरीरात एक गव्हर्नर बसवलेला आहे आणि औषधाचा परिणाम हा नेहमी औषध आणि गव्हर्नर यांच्यातील ओढाताणीचा निकाल असतो.

पुढे १९१०मध्ये बार्जर आणि डेल यांनी ॲड्रेनॅलिनशी रचनेने साम्य असलेले कितीतरी रेणू मांजरांवर तपासले. या साऱ्या कुळाला त्यांनी दिलेले ‘सिम्पथोमिमेटिक’ हे नाव आजही चालते. भीती वाटली, धावायची वेळ आली की शरीरातील जी मज्जासंस्था जागी होते, तिची नक्कल करणारे रेणू असा त्याचा अर्थ. आपल्याकडे फार्मसी शिकलेल्यांना कुत्र्याच्या रक्तदाबाचा हा आलेख चांगलाच आठवत असेल. एकेकाळी प्रात्यक्षिकात खरा कुत्रा असे, आता संगणकावर आलेख काढतात. ते योग्यच झाले. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा दाखवण्यासाठी जनावर मारण्याचे कारण नाही.

दुसऱ्या मात्रेला काय झाले?

जिममधल्या इंजेक्शनशी थेट नाते आहे ते पेकिंगमधील प्रयोगाचे. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात के. के. चेन आणि कार्ल श्मिट हे दोघे ‘मा हुआंग’ या चिनी वनौषधीचा अभ्यास करत होते. तिच्यातील एफेड्रिन हा घटक भूल दिलेल्या कुत्र्यांच्या शिरेत सोडला, तेव्हा रक्तदाब ॲड्रेनॅलिनसारखाच चढला. पण ॲड्रेनॅलिनचा चढ मिनिटाकाठी ओसरतो, हा बराच वेळ टिकला. हे संशोधन १९२४मध्ये प्रसिद्ध झाले आणि एफेड्रिन जगभर पोहोचले.

त्यांच्या कुत्र्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. थोड्या अंतराने तेवढीच मात्रा पुन्हा दिली, तर दाब पहिल्याइतका चढत नव्हता. तिसऱ्या वेळी आणखी कमी. नंतर नंतर तर रेघ जेमतेम हलायची. औषधशास्त्रात याला ‘टॅकिफिलॅक्सिस’ म्हणतात. सोपे करून सांगायचे तर शरीर काही तासांतच औषधाला दाद देईनासे होते. महिनोन् महिने दारू पिऊन जी सवय लागते, तसा हा प्रकार नाही. एकाच दुपारी, एकाच कुत्र्यात हे घडते.

मेफेंटरमाइन याच कुळातले. त्याच्या रेणूची रचना पाहिली तर मेथॲम्फेटामाइनला एक मिथाइल गट जास्त जोडला, की मेफेंटरमाइन तयार होते. अँफेटामाइनचा जन्मही एफेड्रिनला पर्याय शोधतानाच झाला. लॉस एंजेलिसमधील रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन ॲलेस यांनी ३ जून १९२९ रोजी ते स्वतःला ५० मिलिग्रॅम टोचून घेतले. रक्तदाब चढलाच, पण मन प्रसन्न झाले आणि रात्रभर झोप आली नाही. रक्तदाब चढवणारा रेणू आणि ‘किक’ देणारा रेणू हे वेगळे नाहीत, ही गोष्ट तेव्हापासून नोंदलेली आहे. जिममध्ये जी ताकद वाटते, ती बव्हंशी ही किक असते. स्नायूत नवे काही भरलेले नसते, थकव्याची सूचना तेवढी दाबलेली असते.

कोठार रिकामे होते, म्हणजे नेमके काय?

दुसरी मात्रा का फसते, याचे उत्तर यायला पुढची तीसेक वर्षे गेली आणि त्या उत्तरात सर्पगंधेचा वाटा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने उच्च रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील अनुभवातून मांडले आणि जगाचे लक्ष या भारतीय मुळीकडे गेले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. रेसर्पिन काय करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत नॉरॲड्रेनॅलिन साठवलेले असते. ते बाहेर पडले की रक्तवाहिन्या आवळतात. रेसर्पिन या पिशव्या रिकाम्या करते.

इंग्लंडमध्ये बर्न आणि रँड यांनी १९५८मध्ये याचाच उपयोग करून घेतला. आधी रेसर्पिन देऊन त्यांनी जनावरांची ही कोठारे रिकामी केली आणि मग वेगवेगळी उत्तेजके टोचली. नॉरॲड्रेनॅलिनने रक्तदाब चढला, उलट नेहमीपेक्षा अधिकच. पण टायरामिन, एफेड्रिन, अँफेटामाइन यांची जादू जवळपास संपली. मग त्यांनी जनावराच्या रक्तात काही वेळ नॉरॲड्रेनॅलिन सोडत ठेवले, म्हणजे कोठार पुन्हा भरू दिले. त्यानंतर टायरामिन पुन्हा काम करू लागले.

निष्कर्ष सरळ आहे. या औषधांपैकी बरीचशी स्वतः रक्तवाहिनी आवळत नाहीत, किंवा फार थोडी आवळतात. ती मज्जातंतूच्या कोठारात शिरून तिथला माल बाहेर ढकलतात. म्हणजे ताकद औषधाची नसते, शरीराचीच ठेव मोडलेली असते. ठेव मोडून संपली, की पुढची मात्रा रिकाम्या कोठारावर पडते.

आता जिममधल्या मुलाकडे पाहू. पहिल्या सुईने अंगात वीज भरल्यासारखे वाटते. काही वेळाने किंवा लागोपाठच्या दिवशी तेवढ्याने भागत नाही. ‘माल भेसळीचा असेल’ अशी शंका येते, मित्र सांगतो ‘जरा वाढव’. मात्रा वाढते. यात मेंदूला लागणारी सवयही मिसळलेली असते. तिचा वेग वेगळा, तरी दिशा तीच. या इंजेक्शनचे व्यसन लागल्याची प्रकरणे भारतातील मानसोपचारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत.

खरा धोका मात्र पुढच्या पायरीवर आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कोठार कायमचे रिकामे राहत नाही. काही दिवस सुट्टी घेतली, गावाला गेला, आजारी पडला, की ते पुन्हा भरते. मुलगा परत येतो तो वाढवलेली मात्रा घेऊनच, कारण त्याच्या लेखी तीच आता ‘नेहमीची’ असते. कोठार रिकामे असताना जी मात्रा पचली, ती भरलेल्या कोठारावर पडते आणि त्यावर तो वजन उचलतो. ‘इतके दिवस घेतोय, काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. काही झाले नाही ते औषध सौम्य असल्यामुळे नव्हे, कोठार रिते असल्यामुळे.

उकाडा आणि गर्दी

ब्रिटनमध्ये मायकल चान्स यांनी १९४६मध्ये केलेला उंदरांचा एक प्रयोग या बाबतीत फारसा सांगितला जात नाही. एकेकट्या ठेवलेल्या उंदरांना जी मात्रा मारत नाही, तीच किंवा त्याहून कमी मात्रा दाटीवाटीने ठेवलेल्या उंदरांना मारते, असे त्यांना दिसले. औषध अँफेटामाइनच्याच कुळातले. पुढच्या प्रयोगांत कारणांचा उलगडा होत गेला. दाटीत उंदीर एकमेकांना चिथावतात, धावपळ वाढते, अंगाचे तापमान चढते. ही औषधे त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळत असल्याने उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही.

माणसातले याचे सर्वात ठळक उदाहरण सायकलपटू टॉम सिम्पसन यांचे. १३ जुलै १९६७ रोजी ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर, रणरणत्या उन्हात ते कोसळले आणि गेले. तपासणीत शरीरात अँफेटामाइन आणि दारूचा अंश सापडला. केवळ औषधाने मृत्यू झाला असे म्हणता येत नाही, केवळ उन्हानेही नाही. चान्स यांच्या उंदरांप्रमाणे दोन्ही एकत्र आले. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, पंख्याच्या भरवशावर चालणारी जिम डोळ्यांसमोर आणली, की हा प्रयोग परका वाटत नाही.

प्राण्यांचे प्रयोग कुठे कमी पडतात?

‘उंदराला झाले म्हणून माणसाला होईल का?’ हा प्रश्न रास्त आहे. जुने बहुतेक प्रयोग भूल दिलेल्या जनावरांवर झाले आणि भूल स्वतःच त्या गव्हर्नरला ढिला करते. जाग्या उंदराच्या शेपटीला पट्टा लावून दाब मोजण्याची पद्धत आहे. तिच्यात उंदराला नळीत कोंडावे लागते, शेपटी गरम करावी लागते. तेवढ्या धास्तीनेही दाब चढतो, मग औषधाचा वाटा कोणता आणि भीतीचा कोणता हे वेगळे काढणे अवघड. आता शरीरात छोटा प्रक्षेपक बसवून मोकळ्या फिरणाऱ्या उंदराचा रक्तदाब दिवसरात्र टिपता येतो, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

मोठी मर्यादा दुसरीच आहे. प्राणी ‘कसे’ घडते ते सांगतात, ‘किती जणांना’ घडेल ते सांगत नाहीत. फेनिलप्रोपॅनोलामाइनचे उदाहरण घ्या. सर्दीच्या गोळ्यांत आणि वजन घटवण्याच्या औषधांत ते वर्षानुवर्षे सर्रास होते. ते रक्तदाब चढवते हे ठाऊक होतेच. पण ठराविक मात्रेत चढ थोडा असतो म्हणून ते निभावून गेले. मेंदूत रक्तस्राव झालेल्या ७०२ रुग्णांची १,३७६ निरोगी व्यक्तींशी तुलना करणारा अमेरिकी अभ्यास २००० साली आला. त्यात भूक मारण्यासाठी हे औषध घेणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये अशा रक्तस्रावाचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने कंपन्यांना ते बाजारातून काढायला सांगितले. एफेड्रिन असलेल्या आहारपूरकांवर अमेरिकेत २००४मध्ये बंदी आली. सरासरी चढ किती, या प्रश्नात अडकून पडले की ज्याच्या मेंदूतील एखादी रक्तवाहिनी जन्मतः कमकुवत आहे, तो माणूस हिशेबातून निसटतो. आणि तशी रक्तवाहिनी आपल्याला आहे हे विशीत कोणाला ठाऊक असते?

मेफेंटरमाइनच्या बाबतीत जिममधील वापराचा असा मोठा अभ्यास व्हावा, मग बोलू, ही भूमिका त्यामुळेच पटणारी नाही. असा अभ्यास करायला आधी पुरेसे लोक रुग्णालयात पोहोचावे लागतील. यंत्रणेचे ज्ञान पुरेसे पक्के आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’च्या यादीत हे औषध स्पर्धेदरम्यान निषिद्ध उत्तेजक म्हणून आहेच. प्रशिक्षकांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात आणि जिमच्या परवान्याच्या अटींत दोन ओळी घालायला कोणत्या नव्या प्रयोगाची वाट पाहायची? त्या ओळी ‘औषधे घातक असतात’ इतक्या गुळगुळीत नसाव्यात. पहिली सुई चढली आणि पाचवी चढली नाही, तर औषध कमी पडलेले नसून शरीराचा साठा संपलेला आहे, हे वाक्य मुलांना समजते.

रुग्णालयात गेल्यावर काय सांगायचे?

इंजेक्शन घेतल्यावर असह्य डोकेदुखी, छातीत दुखणे, धडधड न थांबणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर झोपून राहण्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. सोबतच्या मित्रांनी काय टोचले, किती आणि किती दिवसांपासून, हे डॉक्टरांना खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने ‘प्रोटीन पावडर घेतली होती’ असे सांगितले जाते आणि डॉक्टर भलत्याच वाटेवर जातात. नैराश्याची गोळी सुरू असेल तर तेही सांगावे, कारण काही जुन्या गोळ्या नॉरॲड्रेनॅलिनचे विघटन थांबवतात आणि त्यावर असे इंजेक्शन पडले तर दाब बेफाम चढतो.

उलटही घडते. बरेच दिवस मोठ्या मात्रा घेतलेल्या मुलाचा अपघात झाला, तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि टेबलावर रक्तदाब कोसळला, तर भूलतज्ज्ञ ट्रेमधील सवयीची बाटली उचलतील. ती मेफेंटरमाइनचीच असू शकते. रित्या कोठारावर ती लागू पडणार नाही. तिथे लागेल ते थेट रक्तवाहिनीवर काम करणारे नॉरॲड्रेनॅलिन, जे बर्न आणि रँड यांच्या जनावरांमध्ये रेसर्पिननंतरही काम करत होते. पण ते निवडायचे, तर टेबलावरच्या मुलाने आधी काय घेतले होते हे भूलतज्ज्ञांना कोणीतरी सांगितलेले असावे लागते.